कोंड्यावर घेतलेलं लेकरू

माझ्या नाकावर राग असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले. नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा मानवतच्या आमच्या घरी आत्या येईल-जाईल त्याला सांगत होती, "ही करील बरं रोग्यांना. हिच्या भ्यानंच उठून बसतील." सगळे हसले. मला राग आला, आणि तो आलेला बघून ते आणखी हसले.

परभणीच्या दवाखान्यात मी लागले तेव्हा निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. दारावरच्या उर्दू पाटीला चुना फासून वर मराठी अक्षरं काढली होती. पावसाळ्यात चुना उडाला की खालची अक्षरं पुन्हा डोकवायची, आणि दिवाळीला कोणीतरी शिडी लावून ती परत झाकायचं. मला लहान मुलांचा वॉर्ड मिळाला. मिळाला म्हणजे गळ्यात पडला. रडारड, घाण आणि नातेवाइकांची झुंबड यांमुळं बाकीच्या नर्सा तिकडं फिरकायला बघत नसत. मला मात्र तिथं लवकर करमायला लागलं.

त्यातही माझा जीव जडला तो दोन ते पाच वर्षांच्या पोरांवर, आणि मला सगळ्यात जास्त छळलं तेही त्यांनीच. तान्ह्याला छाती आणि ऊब मिळाली की त्याचं भागतं. सात-आठ वर्षांच्याला समजावता येतं, दटावताही येतं. या मधल्यांना अर्धंच कळतं, आणि उरलेलं अर्धं ती मनानं जुळवतात. एका मुलीच्या काखेत थर्मामीटर लावताना मी सहज म्हटलं होतं, "हात उचलू नकोस." थर्मामीटर काढून घेतला तरी ती संध्याकाळपर्यंत काख दाबून बसून होती. हात उचलला तर काखेतून ताप बाहेर पडेल आणि शेजारच्या खाटेवरच्या बाळाला होईल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मी विचारलं म्हणून कळलं, नाहीतर ती तशीच झोपली असती.

ही पोरं दवाखान्यात आली की मागं जायची. घरी तुरुतुरु बोलणारं लेकरू इथं मुकं व्हायचं. अंथरूण ओलं करणं कधीच सुटलेलं असायचं, ते पुन्हा सुरू व्हायचं आणि आई लाजेनं त्याच्या पाठीत धपाटा घालायची. मी त्या आयांवर ओरडायचे. आजार अंगातून निघाला की हेही निघून जाईल, असं आमचे डॉक्टर म्हणत, आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. एका पोराच्या बाबतीत मात्र उलटं झालं. आजार गेला आणि पोर जायला निघालं.

पावसाळा सरत आला होता. सोनपेठकडच्या एका खेड्यातून एक बाई चारेक वर्षांच्या लेकराला घेऊन मोटारीनं आली. लेकराच्या नाकात बाळी आणि पाठीवर वेणी, त्यामुळं मी आधी मुलगीच समजले; कपडे बदलताना कळलं की मुलगा आहे. हगवण लागून पार वाळून गेला होता. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. वॉर्ड ज्यांच्या ताब्यात होता त्या मोठ्या सिस्टर दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्या बाईला विचारलं, "तू आई का याची?"

बाईनं लेकराकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "न्हाई जी. मी मामी हाय त्याची."

"आई कुठंय?"

"गावाकडं."

तेव्हा नियम असा होता की आईला रात्रंदिवस खाटेजवळ राहता येई. बाकी कोणी असलं तर त्यानं दुपारी भेटून जायचं आणि एरवी बाहेर बसायचं. बाईनं नियम ऐकला, पदर सावरला आणि बाहेर जाऊन वॉर्डाच्या खिडकीखाली कडुलिंबाच्या झाडाशी बसली. पोराच्या मुठीत एक चिंधी होती, चिंधीत गुळाचे खडे आणि त्यांवर माशा. हगवणीच्या पोराजवळ बाहेरचं खाणं ठेवायचं नाही, हाही नियमच होता. मोठ्या सिस्टरनी ती मूठ सोडवून चिंधी बादलीत टाकली. पोरानं जी किंकाळी फोडली ती मला अजून आठवते. "अम्मा, अम्मा," असं ते रडत राहिलं. वॉर्डातल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, कारण पोर तर शेतकऱ्याघरचं दिसत होतं आणि हाक मुसलमान लेकरासारखी मारत होतं.

औषधानं हगवण थांबली. ताप उतरला. डॉक्टर खूश होते. पण पोरानं तोंड मिटून घेतलं ते मिटूनच. तांदळाची पेज नेली तर ओठ आवळून घ्यायचं. दूध नेलं तरी तेच. पाणी तेवढं प्यायचं. आणि रडणंही बंद झालं. रडणाऱ्या लेकराची मला कधी भीती वाटली नाही; हे भिंतीकडं तोंड करून गप्प पडून राहायचं, त्याची वाटायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि एवढ्या वाळलेल्या पोराला ते कितपत झेपेल ते सांगता येत नाही.

त्या मामीचा मला मनस्वी राग यायचा. दुपारी आत सोडलं की ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची. पोराला हात लावायची नाही, गोड बोलायची नाही. कुत्र्याचंही कोणी ठेवणार नाही अशा नावानं त्याला हाक मारायची आणि म्हणायची, "खाय की रं. उगं पडायलास." पुन्हा बाहेर जायची. एके दिवशी तिसऱ्या प्रहरी मी तिला झाडाखाली गाठलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, "बाई, तुमच्या जागी शेजारीण असती तर तिनं सुद्धा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला असता. तुम्ही माणूस आहात का दगड? त्याच्या आईला तरी बोलवून घ्या."

तिनं इकडंतिकडं पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. तरी इतक्या हळू बोलली की मला खाली बसावं लागलं. "बाई, म्याच हाय," एवढंच म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मग तिनं सांगितलं. आधीची तिघं पाळण्यातच गेली होती. पोखर्णीच्या नरसिंहाला नवस करून झाला होता. हे चौथं झालं तेव्हा सासू म्हणाली, हे आपलं म्हणून ठेवायचंच नाही. बाराव्या दिवशी बाळाला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या पिंजारणीनं, कापूस पिंजणाऱ्या एका मुसलमान बाईनं, ते उचललं आणि बदल्यात सूपभर कोंडा दिला. त्या दिवसापासून लेकरू पिंजारणीचं, तीच त्याची अम्मा. आई झाली मामी. "दूध म्याच पाजलं, पन दाई म्हनून," ती म्हणाली. पाच वर्षं पुरी झाली की सुपात ज्वारी भरून द्यायची आणि लेकरू परत घ्यायचं. तोवर त्याला आपलं म्हणायचं नाही, लाड करायचे नाहीत, चांगल्या नावानं हाक मारायची नाही. रोज सकाळचा पहिला घास पिंजारणीच्या हातचा, निदान गुळाचा खडा तरी. म्हणून निघताना तिनं चिंधीत गूळ बांधून दिला होता.

ही चाल मी ऐकून होते, डोळ्यांनी पाहिली नव्हती. मी विचारलं, "पिंजारीणच का?"

"मोठ्या गोंधळाचं, निजामी गेली ते साल हुतं. तिची लेकं हैदराबादेकडं निघून गेली, ती येकटी राहिली. लोक म्हनले, दुसरं कुनी भेटना का? म्या म्हनलं, मव्हं दार आन् तिचं दार येकाच भिताडाला हाय. तीच जपंल."

मी म्हटलं, मोठ्या सिस्टरना मी सांगते, तुम्हाला आत घेतील. तर तिनं माझे पाय धरले. "नगा बाई. चार लोकात मव्हं हाय म्हनलं की गेलं ते. तिघं गेले तसंच. म्या भाईरच बसते. ते जगू द्या." मी असलं काही मानत नव्हते. पण माझ्या न मानण्यानं तिची तीन लेकरं परत येणार नव्हती. नाही सांगत, असं मी म्हटलं, आणि माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही.

आता पोराच्या तोंडात घास कसा जाईल, एवढाच प्रश्न उरला. सक्ती करून पाहिली होती, लालूच दाखवून पाहिली होती. मला एक ठाऊक होतं की या वयाची पोरं तोंडानं सांगत नाहीत ते खेळात सांगतात. मी त्या बाईला म्हटलं, "पोळ्याला पोरं बैल करतात तसे बैल करून द्याल का?" ती उठली, रस्त्यापलीकडच्या वावरातून ओटीभर काळी माती घेऊन आली आणि खिडकीखाली बसून मळायला लागली. एक बैलजोडी झाली, मग गाय, वासरू, चूल, आणि बोटभर लांबीचं सूप. एकेक वस्तू ती गजांतून आत द्यायची आणि मी पोराच्या खाटेवर मांडायची. तिचा चेहरा पोराला दिसत नव्हता. चिखलानं चादर माखली म्हणून मोठ्या सिस्टर मला बोलल्या. मीही उलट बोलले. आमचं ते नेहमीचंच होतं.

आधी पोर नुसतंच बघत राहिलं. मग एक हात पुढं आला आणि त्यानं वासरू उचललं. थोड्या वेळानं गायीपासून ते लांब नेऊन ठेवलं, चादरीच्या टोकाला, एकटंच. उशाशी सुकलेल्या मातीचा भुगा पडला होता. तो चिमटीनं गोळा करून त्यानं सुपात भरला आणि सूप गायीपुढं सरकवलं. हे सगळं अगदी सावकाश, दम खात. आणि वासरू उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.

मी विचारलं, "हे मला का रे?"

"इकलं," तो म्हणाला. त्यानं दवाखान्यात आल्यावर अम्माशिवाय उच्चारलेला तो पहिला शब्द.

मी पुढं काही बोलणार एवढ्यात त्यानंच माझ्याकडं मान वळवली. "तू मला काय देऊन घेतलं?"

मी खाटेच्या कडेवर बसले. तो सांगत होता तसं मी ऐकत गेले. गावातल्या बाया त्याला रोज चिडवत, तू कोंड्यावर घेतलेला, तू कोंड्याचा. अम्मानं कोंडा दिला म्हणून तो अम्माचा. आता मामीनं त्याला मोटारीत घालून इथं आणलं, पांढऱ्या साडीच्या बाईच्या हातात दिलं आणि निघून गेली. अम्माचा गूळ त्या बाईनं फेकून दिला. म्हणजे आता त्याला आम्ही घेतलं होतं. "तुझं खाल्लं का मी तुझा," त्यानं मला समजावून सांगितलं. ज्याच्या हातचा पहिला घास, त्याचं लेकरू. एवढं त्याला घरी रोज शिकवलेलं होतं. म्हणून तो उपाशी राहून अम्माची वाट बघत होता. पेजेचा एक चमचा जरी गिळला असता तर त्याच्या हिशेबी परतीची वाट बंद होणार होती. कसलं पोर होतं ते! मरायला टेकलं होतं आणि निष्ठा सोडत नव्हतं.

मी त्याला म्हटलं, तुला कोणी विकलं नाही, तू बरा झालास की घरी जाणार. त्यानं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या वयात नुसत्या सांगण्यावर विश्वास बसत नाही. देणंघेणं डोळ्यांदेखत व्हावं लागतं. मी खिडकीशी गेले. ती खालीच होती, हात मातीनं भरलेले. तिनं सगळं ऐकलं होतं. सोनपेठच्या मोटारीच्या ड्रायव्हरकडं पिंजारणीसाठी निरोप गेला.

पिंजारीण दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला आली. पांढरं झालेलं डोकं पदरानं झाकलेलं, काखेत सूप आणि सुपात कोंडा. पोरानं "अम्मा" म्हटलं आणि उठायला गेलं, पण त्याला बसताही येईना. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. आम्ही बाहेर ठरवलं होतं त्याप्रमाणं मी खाटेवर बसले, पोराला मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं म्हटलं, "माझ्याजवळ एक लेकरू आहे. काय देऊन नेता?"

पिंजारणीनं सूप माझ्यापुढं ठेवलं. "कोंडा देती मैं."

मला वाटलं, झालं काम. पोरानं सुपात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बारीक आवाजात विचारलं, "पुन्ना कोंडाच?"

पिंजारणीनं मान खाली घातली. खाटेच्या पायथ्याशी नेहमीसारखी उभी असलेली ती बाई पुढं आली. तिनं कनवटीची गाठ सोडली. त्यात ज्वारी होती, टपोरी, पांढरी, दर सुगीला मूठमूठ निवडून पाचव्या वर्षासाठी जपलेली. इथं येताना ती घरात ठेवून यायला तिचं मन झालं नव्हतं. तिनं ती सगळी सुपात ओतली. ओतताना काही दाणे खाटेखाली गेले.

"ज्वारी देते म्या," ती म्हणाली. वॉर्डातल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "मव्हं लेकरू मला द्या."

"पाच वरसं झाली न्हाईत गं अजून," पिंजारीण हळूच बोलली.

"ठाव हाय मला."

पिंजारणीनं सूप उचललं, तो कोंडा आणि ज्वारी हातानं एकदा ढवळली. "हो गये समज," ती म्हणाली. "देलं लेकरू." मी पोराला उचलून त्या बाईच्या हातात दिलं. तिनं त्याला छातीशी धरलं ते आधी चाचपडत, कसं धरायचं हेच विसरल्यासारखं. पिंजारीण सूप घेऊन बाहेर गेली. मला वाटलं रडायला गेली असेल. रडलीही असेल, पण मी बाहेर गेले तेव्हा ती तीन दगडांची चूल मांडून बसली होती आणि कोंडा पाखडून, मागून आणलेल्या पाट्यावर ज्वारी भरडत होती. "भूका है वो," माझ्याकडं न बघता म्हणाली.

कण्यांची पातळ पेज झाली. दवाखान्याची नव्हती म्हणून नियमात बसत नव्हती. मी मोठ्या सिस्टरना तेवढा वेळ दुसऱ्या वॉर्डात गुंतवून ठेवलं. बाईनं पहिला घास बोटावर घेऊन त्याच्या ओठांशी नेला. पोरानं आधी तिच्याकडं, मग दारातल्या अम्माकडं पाहिलं. अम्मानं मान हलवली. त्यानं तोंड उघडलं.

त्या संध्याकाळी मोठ्या सिस्टर फेरीला आल्या आणि खाटेजवळ बाई बघून थांबल्या. "मामीनं बाहेर बसायचं असतं."

"आईच हाय मी," बाई म्हणाली. उभी राहून म्हणाली.

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तेव्हा नव्हत्या त्या," मी म्हटलं. मोठ्या सिस्टरनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी जरा वेडीच आहे असं जे त्यांना वाटत होतं ते आज पटलं. पण त्या पुढं गेल्या.

नंतरचे काही दिवस ती बाई झोपली असेल असं मला वाटत नाही. पोराच्या छातीवर हात ठेवून बसायची. श्वास चाललाय का बघायची. तो शिंकला तरी पांढरी पडायची. तिनं स्वतःच्या तोंडानं त्याला आपलं म्हटलं होतं आणि आता त्याचं काय होतं ते बघत ती बसली होती. मी थर्मामीटर लावला की आकडा वाचता येत नसूनही माझ्या तोंडाकडं टक लावायची. त्या दिवसांत मी तिच्यासमोर मुद्दाम हसतमुख राहायचे, आणि ते मला सोपं जात नसे. पोर मात्र रोज थोडं जास्त खात होतं. आधी बसायला लागलं, मग खाटेला धरून उभं राहिलं, मग दुसऱ्या पोरांच्या खाटेवर जाऊन त्यांच्या मातीच्या बैलांवर हक्क सांगायला लागलं. वॉर्डात तोवर प्रत्येक खाटेवर बैल झाले होते. डॉक्टर चिखलावरून कुरकुर करत, पण नळीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तो तिला शेवटपर्यंत मामीच म्हणत होता. "मामी, भूक लागली." "मामी, मुतायचंय." ती दर वेळी "हाव रं माय" म्हणून उठायची. तो तिला माय कधी म्हणायला लागला, लागला की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता.

घरी जायच्या दिवशी पिंजारीण त्यांना न्यायला आली. दाराशी आमचा म्हातारा शिपाई स्टुलावर बसलेला असायचा. त्यानं पोराची नाकातली बाळी बघितली आणि पोराची चेष्टा करावी म्हणून दोघींकडं हात करत विचारलं, "क्यों मियाँ, तू नेमका कोणाचा?"

दोघीही थबकल्या. पोर आईच्या कडेवर होतं. त्यानं शिपायाकडं जरा रागानंच पाहिलं.

"कोंड्याचा न्हाई मी," तो म्हणाला. "मामीनं ज्वारी देलीय."

शिपायाला काही कळलं नाही. पिंजारीण पदरात तोंड लपवून हसली. आईनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि ती मोटार गाठायला झपझप चालायला लागली.